बैलाचं मीठ अन् बायकोची बाटली

तिसरी शिकलेला माणूस मी, पण मले कोणी तोंडावर खोटं पाडलं असं सहसा झालं नाही. एकदा झालं. ते दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. पाय सुजले, सकाळी डोळे उघडेनात. कारंज्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या अन् बजावलं, "किडनी बिघडली आहे. मीठ बंद. सूज वाढली तर अकोल्याच्या दवाखान्यात भरती व्हावं लागेल. पोळा तिकडंच."

माही जोडी गावात एक नंबर. ती पोळ्याच्या तोरणाखाली दुसऱ्यानं न्यायची?

चार दिवस अळणी वरण गिळलं. पाचव्या दिवशी गोठ्यात गेलो. गव्हाणीत बैलांसाठी मिठाचा खडा असायचा. बैलानं चाटला की मी चाटायचो. बैलानं कधी चुगली केली नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टरनं माह्या लघवीचे दहा थेंब काचेच्या नळीत घेतले. पिवळं औषध घातलं. मग दुसऱ्या औषधाचा एकेक थेंब सोडत मोजू लागला. नवव्या थेंबाला नळी विटेसारखी लाल झाली.

"जितके थेंब जास्त, तितकं मीठ जास्त. तुम्ही मीठ खाता."

"कोणी सांगतलं तुमाले?"

"तुमच्या किडनीनं. तिच्या बारीक नळीच्या एका वळणावर राखणदार पेशी असतात. जाणाऱ्या पाण्यात मीठ किती, ते त्या चाखतात. शरीरात मीठ कमी असलं तर नळ्या कण न् कण परत ओढतात. जास्त असलं तर बाहेर सोडतात."

"वा! माह्या पोटातल्या राखणदारानं चाखलं तं चालते, अन् मी चाखलं तं नाई?"

मले ते काही पटलं नाही. बायको सोबतच होती; परतीच्या एसटीत तिच्यावरच घसरलो, "तूच सांगतलं!"

"मी कायले सांगू? गोठ्यातून मिशा पुसत येता, ते मले दिसते. पण मी तोंड नाई उघडलं."

मले वाटलं, डॉक्टर नळी पाहून नाही, बायकोचं ऐकून सांगतो. मग मी डाव रचला. पुढच्या खेपेला लघवीची बाटली तिची न्यायची, अन् डॉक्टरले तिनंच सांगायचं की यायनं मीठ सोडलं. रोज मीठ खाणाऱ्या बाईच्या बाटलीत मीठ नाही म्हणाला, की डॉक्टर लबाड. ती बाटली देताना हसली. का हसली, ते तेव्हा कळलं नाही.

डॉक्टरनं पहिला थेंब सोडला. नळी लालभडक! "शाब्बास! मिठाचा कण नाही!"

मी टेबलावर हात आपटला, "सापडले! बाटली माह्या बायकोची हाय!"

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर सावरला, "यायचं मीठ बंद झालं त्या दिवसापासून मी बी नाई खाल्लं. दोन दोन वरणं कोण शिजवते?"

"अवं, मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी गोठ्यातलं सांगतलं व्हतं काय मले?"

डॉक्टर खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

त्या दिवसापासून मी मीठ सोडलं. डॉक्टरच्या धाकानं नाही हो. अळणी खाण्यात बायको आपल्यापुढं जाते म्हणजे काय!

पोळ्यापर्यंत सूज उतरली. जोडी मीच तोरणाखाली नेली. बैल गोठ्यात बांधून घरात आलो, तर ती आधी माह्या मिशीकडं निरखून पाहू लागली.

"कोरडी हाय," म्हणाली, अन् मग ताट वाढलं.