दाजींची अर्धी राहिलेली सहल

माझे दाजी, मांबेताली, जन्मभर नारीन ते बिश्केक बस चालवत आले. बस अशी हाणायचे की म्हाताऱ्या बायका खाली उतरल्यावर आधी अल्लाचे आभार मानायच्या आणि मग दाजींना शिव्या घालायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, कुबानिचने, रशियात छपरं घालून मिळवलेल्या पैशांतून त्यांना एक जुनी पांढरी गाडी घेऊन दिली. तेव्हापासून या माणसाला कुठली घाईच उरली नाही. दिसेल त्या झऱ्यापाशी थांबायचं, सतरंजी अंथरायची, चहा टाकायचा आणि बायकोला म्हणायचं, "बघ तुर्दुकान, हा डोंगर मी हजारदा पाहिलाय, पण उभा असलेला आत्ता बघतोय."

तुर्दुकान म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न झालं तेव्हा दाजींनी तिला ओश शहर आणि तिथला सुलेमानचा पवित्र डोंगर दाखवायचं कबूल केलं होतं. तो शब्द पाळायला नवराबायको या उन्हाळ्यात निघाले. एका दिवसाचा रस्ता आठवडाभर पुरवून ते माझ्या घरी, तोक्तोगुलला पोचले. पुढे ओश.

सकाळी दोघं अंगणात खरबूज खात बसले होते आणि माझा फोन वाजला. दाजींचे थोरले भाऊ ओरोझबेक गावाहून बोलत होते.

"कुबानिच गेला. छपरावरून पडला. आज रात्री त्याला गावी आणतायत."

मी फोन कानाला लावूनच घरात शिरले.

"दोघांना आज घरी आण. पण सांगू नकोस," ते म्हणाले. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. आईबापाला अशी बातमी आम्ही रस्त्यात देत नाही. त्यांना घरी आणतात, वडीलधारी माणसं भोवती बसतात आणि मग सांगतात. "शिवाय मांबेतालीला घाटातून गाडी चालवायचीय."

"मग काय सांगून आणू?"

"मी आजारी आहे म्हण."

"अहो, असलं स्वतःवर का ओढवून घेताय?"

"म्हण गं तू. माझं वय झालंय, कुणालाही खरं वाटेल."

तसं मी सांगितलं. फार आजारी नाहीत, जरा भेटावंसं वाटतंय, मीही येते तुमच्याबरोबर. दोघांत मिळून एकच असलेला दाजींचा फोन माझ्या नातवाला खेळायला हवा म्हणून मागून घेतला आणि माझ्या पिशवीत तळाशी टाकला. ताई फुरंगटून मागे बसली.

"इतकी वर्षं वाट बघितली, आणि अर्ध्यावरून परत!"

"पुढच्या वर्षी जाऊ गं," दाजी म्हणाले. "कुबानिच सुट्टीवर येईल, तो चालवेल. मी तुझ्याशेजारी पाय पसरून बसेन."

मी ताईशेजारी बसले होते, पिशवी पायाशी ओढून घेतली.

आमच्यात मेहुणीने दाजींची टिंगल केली नाही, तर तिचं काहीतरी बिनसलंय असं समजतात. त्यामुळे मला गप्प बसायचीही सोय नव्हती. अलाबेलचा घाट चढताना दाजी आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं, नवऱ्याने जीभ ठेवून घेतली वाटतं?"

"तुमचं चालवणं बघतेय. आत्ताच एक गाढव पुढे गेलं आपल्या."

"नातेवाईक असेल तुझं. हाक मारायचीस की."

ते खो खो हसले. मीही हसले. त्या क्षणी आमच्या या रिवाजाचा मला संताप आला. ज्याचा मुलगा गेलाय त्याला मी हसवत बसले होते. पण वळणावर त्यांचे हात स्टिअरिंगवर स्थिर होते आणि ते तसेच राहायला हवे होते.

सूसामीरच्या पठारावर त्यांनी भावासाठी ताजं कुमीस घेतलं. "घोडीचं दूध पोटात गेलं की ताडकन उठेल दादा. दुसरं काही झालेलं नाही त्याला." चहाला थांबू म्हणाले, तेव्हा मात्र मी नको म्हटलं. ताईने माझ्याकडे जरा बघितलं.

उन्हं कलली तेव्हा गाव आलं. वळणावरून घर दिसलं आणि अंगणात उभारलेला तंबूही दिसला. गेलेल्या माणसासाठी आम्ही उभारतो तो. दाजींनी तिथेच गाडी थांबवली.

"दादा गेला," ते म्हणाले.

मी दार उघडून खाली उतरले.

आमच्याकडे पुरुष मयताच्या घरी मुकाट्याने जात नाहीत. दुरूनच मोठ्याने रडत जातात. दाजींनी रिवाजाप्रमाणे कोटावरून पट्टा आवळला आणि धावत सुटले. "अरे माझ्या दादा! माझ्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या दादा! मला न भेटता कसा गेलास रे!" मागून ताईही दिराच्या नावाने रडत निघाली.

तंबूबाहेर गावातले पुरुष काठ्यांवर वाकून उभे होते, तेही रडत होते. रांगेत पहिले ओरोझबेक होते.

दाजी त्यांच्यापुढे जाऊन थबकले. रडणं तोंडातच राहिलं. त्यांनी भावाच्या खांद्यांना, दाढीला हात लावून पाहिला.

"दादा, तू तर आहेस. मग मी कुणासाठी रडतोय?"

ओरोझबेकांच्या हातून काठी सुटली. "माझ्यासाठीच रडत असतास तर बरं झालं असतं रे," ते म्हणाले.

दाजी अजून त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. मागे ताईने मुलाच्या नावाने हंबरडा फोडला.