कमरेइतकं पाणी

आमच्या सिहोऱ्याकडे पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारतात, किती आहे? उत्तर कोणी तोंडानं देत नाही. हात गुडघ्याशी नेला की गुडघाभर, कमरेशी नेला की कमरेइतकं, आणि डोक्यावरून फिरवला की पोरांनी तिकडे फिरकायचं नाही. पाणी वाहतं की थांबलेलं, खाली गाळ की दगड, हे विचारायची वेळच आमच्यावर येत नाही. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा बरेच तलाव तिकडे गेले म्हणून म्हातारे अजून कुरकुरतात, पण उरले तेही आम्हाला पुष्कळ आहेत. तलाव म्हटला की खाली गाळ असायचाच, आणि गाळात पाय टेकला की माणूस वाचला.

निकेश हा ढिवरांच्या घरचा. वडील इश्वरकाका मच्छीमार सोसायटीत, आणि आई निर्मलाकाकी शिंगाड्याच्या दिवसांत सकाळपासून पाण्यात. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्यांच्या घराला लागून, त्यामुळे पोरगा माझ्या डोळ्यांसमोर वाढला. उन्हाळ्यात तलाव आटला की ही मायलेकरं गाळात उतरून पायानं मासे शोधत. चिखलात दडून बसलेली मरळ यांच्या तळपायाला कळायची. काकींचा त्यात हातखंडा, पण पोरगा दहावीपर्यंत आईच्याही पुढे गेला. लहानपणी तो बुडायला लागला की काकी तलावाच्या पाळीवरून ओरडायच्या, "पाय टेकव, पाय टेकव." आमच्या गावातल्या प्रत्येक आईनं हेच ओरडून पोरं वाढवली आहेत.

बारावीनंतर नाकाडोंगरीच्या अंकुशनं त्याला कोकणात नेलं. अंकुश तिथे कोलाडला राफ्टिंगच्या कॅम्पवर फोटो काढायचा. रोज सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडतात, कुंडलिका फुगते, आणि पुण्या-मुंबईची माणसं पैसे देऊन रबराच्या फुगवलेल्या होडीत बसून किंचाळतात. निकेश आधी होड्या वाहायचा, मग मागे बसून वल्हं मारायला शिकला, आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या हाताखाली होडी आली. सुट्टीत आला की मी त्याला चिडवायचो, "अरे, तुझा बाप लोकांना पाण्यातून काढतो अन् तू पाडतोस." तो हसायचा. पोरगा हसरा होता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण आता त्याच्याबद्दल गावात भलतंच बोलतात.

त्याच्यात एक खोट होती आणि ती त्यानं मला स्वतः सांगितली. होडीतून पडलं की वाहत्या पाण्यात उताणं व्हायचं आणि पाय वर, पाण्याच्या बरोबरीनं ठेवायचे, हा त्या धंद्याचा पहिला धडा. उभं राहायला जायचं नाही. खाली दगडांच्या फटी असतात, एकदा पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला तोंडावर पाडतं आणि पुन्हा उठू देत नाही. "समजते मले सगळं, दादा," तो म्हणाला, "पोरांना मीच शिकवून राहिलो. पन माह्यावर येते तेव्हा पाय आपल्या आपच खाली जातात." त्याचा नेपाळी उस्ताद त्यासाठी त्याच्या नडगीवर वल्हं हाणायचा. सराव म्हणून त्याला मुद्दाम पाडायचा, आणि चार वेळा नीट केलं की पाचव्या वेळी पाय पुन्हा तळाशी. लहानपणापासून अंगात मुरलेलं वल्ह्याच्या दोन फटक्यांनी जातं थोडंच.

कुंडलिका त्याला आता सवयीची झाली होती. पुढे जायचं, मोठ्या कॅम्पवर काम धरायचं, तर दुसरी नदी करून यावी लागते. त्या वर्षी त्याच्यासमोर दोन नद्या होत्या. एक हृषीकेशची गंगा, पावसाळा संपल्यावर. दुसरी दक्षिणेकडची, जंगलातली, पावसाळ्यातच चालणारी एक लहानशी नदी. तिचं नाव मी घेत नाही, त्या घरात कोणी घेत नाही. गंगेच्या लाटा घराएवढ्या, तर या नदीचं पाणी कमरेइतकं, पण सगळी दगडाधोंड्यांची.

उस्तादानं त्याला सांगितलं होतं की गंगा कर. लाटा बघू नकोस, तू पडल्यावर काय चुकतोस ते बघ आणि त्यावरून नदी निवड. गंगेत तुझे पाय खाली गेले तरी खाली काही लागणार नाही, ती तुला हलवून सोडून देईल. लहान नदी तुझे पाय सुधारल्यावर. बोलणं पटण्यासारखं होतं आणि निकेशला पटलंही होतं. अडचण एकच, ते आईला पटवायचं होतं.

काकींकडे साधा फोन, म्हणून पोराशी बोलायला त्या माझ्या दुकानात येत. मी व्हिडिओ लावून द्यायचो आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरून काम करत असल्यासारखं दाखवायचो. त्या दिवशी निकेशनं दोन्ही नद्या सांगितल्या. काकींनी विचारायचं तेच विचारलं.

"गंगेले पानी किती?"

"कोनी मोजलं नाही, आई."

"अन् दुसरीले?"

निकेशनं हात कमरेशी नेला.

"मंग विचारतोस कायले? तेच कर."

त्यानं समजावून पाहिलं. काकींचा धाकटा भाऊ वैनगंगेच्या डोहात बुडून गेला होता, खोल पाणी म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. शेवटी निकेश म्हणाला, दादा, तू सांग ना. मी सांगितलं, काकी, याला खोल पाणीच बरं आहे. काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सकाळी सकाळी पिऊन आलोय. मग फोनकडे वळून म्हणाल्या, "गंगेवर गेला तं मले माय म्हनू नोको. शब्द दे." मग त्यानं शब्द दिला.

आता कोणी म्हणेल, एवढा कळता मुलगा, आईच्या एका वाक्यानं नदी बदलतो? तर बदलतो. असाच होता तो.

पावसाळा सरताना तो तिकडे गेला. पाणी उतरायला लागलं होतं. पोहोचल्यावर त्यानं व्हिडिओ कॉल केला आणि आईला दिसावं म्हणून कपड्यांनिशी नदीत उभा राहिला. फोन अंकुशनं धरला होता, तोही त्या मोसमात तिकडे फोटोच्या कामाला गेला होता. "पाह्य आई," निकेश ओरडला, "कमरेइतकंच आहे." काकी हसल्या. "जेवन करून घेजो," म्हणाल्या. मीही पाहिलं. पाणी त्याच्या कमरेला लागून फेसाळत होतं आणि तो जरा तिरका होऊन, जोर लावून उभा होता. मला ते बरं दिसलं नाही. पण काकी समाधानानं घरी गेल्या आणि मी एका फोनची बॅटरी बदलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंकुशचा फोन आला.

कुठल्या मोठ्या उतारावर नाही, जिथून कॉल केला होता तिथून थोडं खाली एका साध्या वळणावर होडी दगडाला घासली आणि निकेश बाहेर पडला. पडला आणि त्याचे पाय तळ शोधायला गेले. डावा पाय दोन दगडांच्या मध्ये बसला. वर तो एकदाच उभा राहिलेला दिसला, कमरेपर्यंत बाहेर, आणि मग पाण्यानं त्याला पुढे वाकवलं. दोर टाकले, माणसं उतरली. त्या ओढीला उलट चालून त्याच्यापर्यंत पोहोचेस्तोवर सगळं संपलं होतं.

अंकुश त्याला घेऊन गावी आला. माती झाल्यावर त्यानं हे सगळं माझ्या दुकानात इश्वरकाकांना सांगितलं. रडत नव्हता, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कमरेइतक्या पान्यात, काका." इश्वरकाका कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गमछ्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "हे तिले कोनी सांगजो नोको."

आम्ही तिघं घरी गेलो. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोणाकडे न बघता त्यांनी विचारलं, "पानी किती होतं?"

इश्वरकाकांनी हात वर केला आणि डोक्यावरून फिरवला.

"त्यानं तं मले कंबर दाखवली."

"ते काठावरचं होतं," काका म्हणाले. "आत लय खोल होतं."

काकी भिंतीपासून सरळ झाल्या. मग म्हणाल्या, "म्हनजे काठावर उभं राहून मले फसवलं त्यानं."

काकांनी मान खाली घातली. अंकुश उठून बाहेर गेला. मी बसून राहिलो. खरं बोलावं तर ही बाई त्याच क्षणी मोडेल, आणि गप्प बसावं तर मेलेला पोरगा खोटारडा ठरतो. काकांनी बायको निवडली. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

तेव्हापासून काकींनी घरात त्याचा फोटो लावू दिला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या एकच सांगतात, पोट्ट्यानं मायचा शब्द मोडला, खोल पान्यात उतरला, म्हणून गेला. गावही आता तेच म्हणतं. आईचं ऐकलं नाही की काय होतं, हे पोरांना निकेशचं नाव घेऊन सांगतात. मला संताप येतो. एखाद्याला आडवं घ्यावंसं वाटतं, आणि मग इश्वरकाका रस्त्यानं जाताना दिसतात, मी गप्प बसतो.

ज्यानं आयुष्यात आईचा शब्द मोडला नाही, आणि न मोडल्यामुळेच जो गेला, त्याच्या बाजूनं कुठेतरी एकदा बोललं गेलं पाहिजे. निर्मलाकाकींना वाचता येत नाही, म्हणून मी हे लिहू शकतो.

काल त्या शिंगाडे काढायला गेल्या होत्या. कोणाची तरी नात पाण्यात घसरली आणि हातपाय मारायला लागली. काकींचा आवाज माझ्या दुकानापर्यंत आला, "पाय टेकव, बाई, पाय टेकव." पोरीनं पाय टेकवला आणि ती उभी राहिली.