भावाच्या दिवाणखान्यातली पांढरी माशी

ज्याच्याकडे अंगण आहे त्याने झाडं दिवाणखान्यात का ठेवावी, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. माझ्या धाकट्या भावाला मात्र ते कळलं होतं. तो अमरावतीला कापसाची दलाली करायचा. त्या वर्षांत अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, म्हणून जो तो वऱ्हाडात कापूस मागत यायचा, आणि ज्यांच्या घरात काल धड सतरंजी नव्हती त्यांच्या घरात आज झुंबरं टांगली जात होती. भावाने एका साहेबाच्या बंगल्यात कुंडीत फुललेली झाडं पाहिली होती. साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्या अकरा कुंड्या बैलगाडीत घालून याने घरी आणल्या आणि माडीवरच्या दिवाणखान्यात भिंतीशी ओळीने मांडल्या. चार जास्वंदी, पाच गुलाब आणि दोन कसलीशी विलायती झाडं. त्यांचं नाव साहेबाने सांगितलं होतं म्हणे. हा बंगल्याच्या फाटकापर्यंत येता येता ते विसरला.

संक्रांत झाल्यावर मी अकोल्याहून माहेरी गेले. पाय धुऊन होतात न होतात तोच भावजय मला माडीवर घेऊन गेली.

"आक्का, दार हळू उघडा. वारा लागतो त्यांना."

"झाडांना वारा लागतो?"

"नाजूक आहेत हो. बंगल्यात वाढलेली."

आत सगळ्या खिडक्या बंद. नव्या काचांवर आतून पडदे. प्रत्येक झाडावर मलमलीचं फडकं पांघरलेलं, बुंध्याला काळा दोरा, आणि कुंडीच्या काठाला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा. माणूस आजारी पडलं असतं तर त्याचीही एवढी सरबराई या घरात झाली नसती. मी पहिलं फडकं ओढलं आणि झाडावरून पांढरा धुरळा उठला. धुरळा कसला, माश्या होत्या. तांदळाच्या कणीएवढ्या, पिठासारख्या पांढऱ्या. क्षणभर भिरभिरल्या आणि पुन्हा पानांखाली जाऊन बसल्या. पानं पिवळी पडलेली, हाताला चिकट लागत होती, आणि त्या चिकटावर काजळी धरली होती.

"हे काय गं?"

"दृष्ट," भावजय म्हणाली. "माळणीची."

ही माळीण मला लहानपणापासून ठाऊक. माझ्याच वयाची. गावाच्या परकोटाबाहेर विहिरीशेजारी तिचा फुलांचा तुकडा, आणि रोज सकाळी घरोघर पूजेची फुलपुडी द्यायची. नवऱ्याने दम्यापायी खाट धरलेली. घर तिच्या टोपलीवर चालायचं. भावजयीने तिला हौसेने माडीवर नेऊन झाडं दाखवली होती. तिने काय केलं? एक पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, बाई, याच्याखाली चिकट्याची कीड आहे, आत्ताच पाहा, नाही तर झाड जाईल.

"आणि आठ दिवसांत झालंच," भावजय म्हणाली.

"म्हणजे तिने खरं सांगितलं."

"सांगितलं नाही आक्का, बोलून केलं!"

जोशीबुवांनी सांगितलं, मुलीचं लग्न यंदा होईल, आणि झालं, तर बुवांना शेला. माळणीने सांगितलं, झाड आजारी पडेल, आणि पडलं, तर तिला दार बंद. भावजयीने तिची फुलपुडी थांबवली होती. तिचं ऐकून शेजारच्या दोन घरांनीही थांबवली होती. रथसप्तमीला हळदीकुंकू होतं आणि त्याला आळीतल्या झाडून साऱ्या बायका येणार होत्या. तिथे ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायची, हे भावजयीने ठरवूनच ठेवलं होतं. दृष्ट लावणारी बाई म्हणून एकदा नाव पडलं की ते पुसलं जात नाही. तिच्या हातचं फूल देवाला कोण वाहणार?

रथसप्तमीला बारा दिवस होते.

मी झाडांकडे नीट पाहिलं. पानांच्या कडा करपल्या होत्या. माशी पान पिवळं करते, करपवत नाही. विचारलं तर कळलं की एका बाबाला बोलावलं होतं. मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकतात हे आपल्याला माहीत आहे. पण या बाबाचं म्हणणं, झाडाची दृष्ट झाडाच्या मुळातच उतरवायची. म्हणून तीन मंगळवार ओवाळलेलं मूठमूठ मीठ कुंडीत घातलं होतं. मी मातीची चिमूट जिभेवर ठेवली. लोणच्याला चालली असती.

तेवढ्यात भाऊ वर आला. "आक्का, माझ्याकडून काही कमी नाही केलं. म्हशीची सरकी वाटून घालतो कुंड्यांत. रोज."

"रोज?"

"मग? सरकीवर अख्खा गाव वर आला, ही झाडं नाही येणार?"

सरकी खाऊन झाडाला लुसलुशीत कोवळी पानं फुटली होती आणि माशीला तीच हवी असतात. वर खोली बंद, वारा नाही, ऊन नाही. माशीला पाट मांडून जेवायला बसवायचं, दार लावून घ्यायचं, आणि मग म्हणायचं माळणीने केलं.

मी भावजयीला म्हटलं, "रथसप्तमीपर्यंत झाडं माझ्या हाती दे. तोवर माळणीबद्दल कुणाजवळ शब्द काढायचा नाही. झाडं सुधारली तर दृष्ट नव्हती. नाही सुधारली तर सांग काय सांगायचं ते."

ती कबूल झाली, पण एक अट घातली. माझ्या सासरी वांग्यांवर अशी माशी आली की आम्ही तंबाखूचं पाणी मारायचो. तिने जास्वंदींना ते लावू दिलं नाही. जास्वंदीचं फूल गणपतीला जातं, त्याला तंबाखू कशी चालेल? बाबाचं मीठ चालत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला. सगळी फडकी काढली, रिठ्याचं पाणी केलं आणि लोटा लोटा प्रत्येक झाडाच्या डोक्यावर ओतला. गुलाबांना आणि विलायती झाडांना वरून तंबाखूचं पाणी. माश्या उडाल्या, पुष्कळ मेल्या, जमिनीवर पीठ सांडल्यासारखं झालं. मला वाटलं, झालं काम. यासाठी एवढा तमाशा!

चौथ्या दिवशी सकाळी पान हलवलं आणि तेवढाच धुरळा उठला.

"पाहा," भावजय म्हणाली. तिला आनंद झाला होता आणि तो तिने लपवलाही नाही. "धुऊन कुठे दृष्ट जाते?"

मी चार पानं तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि परकोटाबाहेर गेले. माळीण विहिरीवर शेवंती खुडत होती.

"या माय. मले भेटाले येऊन राह्यल्या तुमी? कोनं पाह्यलं तं तुमच्याही नावानं बिब्बा बांधतीन."

"बांधू दे. हे पान पाहा."

तिने पान उलटं करून उन्हात धरलं. "वरून पानी घातलं?"

"हो."

"डोक्यावर पानी ओतलं अन् तळपाय धुतले म्हन्ता!" ती हसली. "खाली पाहा ना. हे खसखशीवानी हायेत, हे अंडे. हे चपटे, हे पिल्लं. हे उडत नाई, बसल्या जागी रस पेत राह्यते. उडते त्याले तुमी मारता, अन् बसते त्याले पाहातच नाई."

"मग काय करू?"

"लय भरलेलं पान तोडा अन् जाळा. बाकीचं एकेक पान उलटं करून फडक्यानं पुसा. तिसऱ्या रोजी परत. मंग परत. अंडे फुटत राह्यते ना बाई, एका खेपेनं काय होते? अन् पहाटे करा. थंडीनं गारठली राह्यते, उडत नाई. अन् मले हे सांगा, जासवंदीले कोठडीत काहून कोंडलं? पऱ्हाटीची बहीन हाये थे. पऱ्हाटी कोनी घरात पेरते काय?"

मी जास्वंदीचं फूल आणि पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, फूल दोन्ही जन्मभर पाहिलेली. दोघींचा तोंडवळा एक आहे, हे तिने सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्याला हसणं सोपं असतं. मीसुद्धा पान उलटं केलं नव्हतं.

मी निघाले तेव्हा तिने विचारलं, "रथसप्तमीले किती बाया येतीन तुमच्या घरी?"

"सगळ्याच येतील."

"सोळा घरं होते माह्ये," ती म्हणाली आणि पुन्हा शेवंती खुडायला लागली. "तेरा राह्यले."

घरी आल्यावर मी आधी खिडक्या उघडल्या.

"आक्का, रस्त्यावरचे लोक पाहतील!"

"पाहू दे. दाखवायलाच आणलीत ना?"

सरकी बंद केली. वरची खारट माती काढून टाकली, जी निघेना तिच्यावर पाणी सोडून सोडून मीठ खाली वाहू दिलं. काळे दोरे कापले. एका गुलाबाच्या सालीत दोरा रुतला होता. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घातल्या, ते पाणी गाळून त्यात रिठा घातला. गणपतीची कडुनिंबाला काही हरकत नव्हती. आणि पहाटे अंधुक उजेडात पाटावर बसून एकेक पान तळहातावर उलटं घेऊन पुसलं. अकरा कुंड्यांची पानं पुसायची म्हणजे काय असतं ते मी सांगत नाही. पाठ मोडते. भाऊ चहाचा पेला घेऊन दारात उभा राहिला. चहाही त्याने साहेबाकडूनच उचलला होता.

"आक्का, एवढं पुसण्यापेक्षा नवी झाडं आणू."

"आण. जुनी माशी तयारच आहे."

आणखी एक गोष्ट माझी मलाच दिसली. भावजय पिवळं लुगडं नेसून आली की माश्या तिच्या पदरावर जाऊन बसत. तिला ते अपशकुनाचं वाटलं. मी हळदीत रंगवलेलं फडकं घेतलं, एरंडेल चोपडलं आणि काठीला बांधून झाडांमध्ये उभं केलं. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर रवा सांडल्यासारख्या माश्या चिकटल्या होत्या. बाबाच्या तीन मंगळवारांत एवढ्या मेल्या नव्हत्या.

तिसऱ्या रोजी परत पुसलं. मग परत. तीन झाडं गेली, एक विलायती आणि दोन गुलाब. त्यांना मिठाने मारलं. बाकीच्यांना नवी पानं आली ती खालून-वरून स्वच्छ होती. एका जास्वंदीला कळी धरली. सगळ्यात जास्त भरलेली एक जास्वंद मात्र मी मुद्दाम पुसली नाही. ती मागच्या पडवीत वेगळी ठेवली.

रथसप्तमीला दिवाणखाना भरला. बायका झाडांकडे पाहून तोंडभर कौतुक करत होत्या. भावजय अत्तर लावता लावता म्हणाली, "अहो, फार मोठी दृष्ट लागली होती. बाबांनी उतरवली म्हणून वाचली."

शब्द दिला होता माळणीचं नाव न घेण्याचा, तो तिने पाळला. पण एका बाईने विचारलंच, "कोणाची गं लागली होती?" आणि भावजय नुसती हसली. त्या हसण्याने काम होणार होतं.

मी उठले, पडवीतून ती जास्वंद उचलून आणली आणि बायकांच्या मधोमध ठेवली. धुरळा उठला तशा साऱ्या पदर सावरत मागे सरकल्या.

"ही राहिलीय दृष्ट," मी म्हटलं. "जवळून पाहा. पान उलटं करा. घाबरू नका, डोळा नाही तिला."

कोणी हलेना. शेवटी समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या काकूंनी पान उलटं केलं, डोळ्यांशी नेलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर माझ्या वांग्यांवर आहे!"

"आमच्या भेंडीवर आहे," दुसरी म्हणाली.

"मग तुमच्या वांग्याला कोणाची दृष्ट लागली काकू?" मी विचारलं.

"माझ्या वांग्याला कोण पाहतंय मेलं! माझा नवरा नाही पाहत." सगळ्या हसल्या. "पण करायचं काय याला?"

"मला नाही ठाऊक," मी म्हटलं. "मी सांगितल्याप्रमाणे केलं. सांगणारी माळीण आहे. तिला विचारा. तिने महिन्याभरापूर्वीच या घरात सांगितलं होतं, ऐकलं कोणी नाही."

भावजयीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने एखादं झाड नक्की वाळलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून माळणीला आळीत हाका सुरू झाल्या. कोणाची वांगी, कोणाची भेंडी. शेजारच्या दोन घरांनी फुलपुडी पुन्हा सुरू केली. आमच्या घरानेही केली, कारण सगळ्यांच्या दारात येते आणि आपल्याच नाही, हे भावजयीला शोभेना. चुकलं असं ती म्हणाली नाही. मी तशी अपेक्षाही केली नव्हती.

त्यानंतर मी आषाढात गेले, तेव्हा कुंड्या पाचच उरल्या होत्या. खिडक्या पुन्हा बंद, सरकी पुन्हा चालू, पानांखाली माशी पुन्हा हजर. भावजय चिडून म्हणाली, "ती माळीण रोज फुलपुडी घेऊन माडीवर येते, दारातून झाडं दिसतात तिला. एका शब्दाने बोलली नाही हो! मी विचारलं तर म्हणते, 'तुमच्या घरी मी नुसते फुलं देतो बाई, तोंड नाई उघडत.' पाहा किती माज!"

"अगं, तोंड उघडलं की काय होतं ते तूच शिकवलंस तिला," मी म्हटलं. "आता निस्तर."

तिने मला पुसायचं फडकं आणून दिलं. मी ते तिच्याच हातात परत दिलं आणि खाली जेवायला गेले.