तिसऱ्या कडव्यावर मी कुठे गेलो?

गिरगावातल्या शाळेत कविता म्हणताना कोणी अडलं, की गुरुजींचं डस्टर टेबलावर आपटायचं, धाड्! तो आवाज अजून कानात आहे. आज सकाळी मात्र कसलाही आवाज न होता मी अडलो.

मंडळी, आपल्या शाळासोबत्यांच्या रोजच्या कवितांच्या व्हिडिओ कॉलवर तिसरं कडवं म्हणताना मी एकदम दिसेनासा झालो, त्याचा हा खुलासा मोबाइलवरून लिहितोय. टॅब बंद पडला असं वाटून मी मुलाच्या खोलीत गेलो.

"बाबा, हे राउटरचं ॲप बघा. घरातलं निम्म्याहून जास्त नेट एकटा तुमचा टॅब खातो. मीच बंद केलाय."

खरं आहे ते. कविता संपल्यावर तुमच्यापैकी कोणी ना कोणी कॉल बंद करायला विसरतो. मग मी दुपारपर्यंत त्याच्या घरातला कुकर ऐकत बसतो.

"अरे, कडवं तरी पुरं होऊ द्यायचंस!"

"माझी मीटिंग अडकत होती. आणि तुमची कविता अर्धी राहिली म्हणून कुणाचं काय बिघडलं हो?"

 याचं उत्तर तुम्हाला सुचतंय का?

तासाभराने बेल वाजली. मुलाने दार उघडलं. दारात शीवहून आलेला आपला वसंता, पांढऱ्या सदऱ्यात, धापा टाकत, हातात झेंडूचा हार. कोपऱ्यातल्या माझ्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. मुलाच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "रडू नकोस बाळा. कविता म्हणता म्हणता गेला. असं मरण भाग्यवंतालाच येतं."