तळ पाहून लंगर घडवणारे डोमाभाऊ

डोमाजी मारबते यांना साठ वर्षे पूर्ण झाली, असे आमच्या मासेमार सहकारी संस्थेने ठरवले आहे. ठरवले आहे असे म्हणतो, कारण खुद्द डोमाभाऊंना आपले वय ठाऊक नाही. त्यांच्या मातोश्री सांगत की मोठ्या पुरानंतरच्या हिवाळ्यात डोमा झाला. पूर कोणता यावर संस्थेच्या दोन बैठका झाल्या आणि तिसऱ्या बैठकीत चहा घेऊन साठ हा आकडा मंजूर झाला. त्या निमित्ताने निघणाऱ्या या गौरव अंकात माझ्यासारख्या डॉक्टरने लिहावे, असा सर्वांचा आग्रह पडला. मी आनंदाने लिहीत आहे. नदीवर मी जे काही शिकलो ते डोमाभाऊंच्या हाताखाली शिकलो आणि हे चारचौघांत सांगण्याची संधी मी शोधतच होतो.

त्यांची माझी पहिली भेट सावरघाटावर झाली. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी चांद्याच्या काही सज्जनांनी समिती काढून वैनगंगेवर फिरता दवाखाना सुरू करायचे ठरवले. रुंद बुडाची सागवानी नाव बांधून झाली. वर छप्पर, आत औषधांची कपाटे, एक बाकडे आणि मी. महिन्यातले वीस दिवस नावेवर राहायचे, वैनगंगेवरून खाली प्राणहितेपर्यंत गावोगाव थांबत जायचे, अशी योजना होती. नावेला नांगर हवा, ज्याला इकडे सारे लंगर म्हणतात, एवढे मला पुस्तकांवरून माहीत होते. म्हणून मी मुंबईच्या गोदीजवळच्या जुन्या बाजारातून एक भला थोरला काळा लंगर आणवला. रेल्वेने आणि मग बैलगाडीने तो घाटावर आला, तेव्हा माझी छाती फुगली होती.

घाटावर जाळे विणत बसलेल्या एका काटक गृहस्थांना मी विचारले, "कसा आहे?"

त्यांनी हातातले काम न थांबवता पाहिले. "देखना आहे. देवळापुढं ठेवा, शोभून दिसन."

मी गोरामोरा झालो. ते उठले, लंगराभोवती एक फेरी मारली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "डाक्टरसायब, हा तं जहाजाचा होय. जहाज कुठी आहे? ह्याचा एक हात वाळूत जाईन, दुसरा वर राहीन. वाऱ्यानं नाव फिरली का दोर त्या हाताले गुंडाळते. अन् पानी उतरलं का नाव त्याच्यावरच बसते."

मी नागपूरचा शिकलेला माणूस. ऐकून घेतले आणि सोडून दिले. मात्र गावातल्या लोकांनी नावेसाठी नावाडी म्हणून त्यांचेच नाव सुचवले आणि डोमाभाऊ दुसऱ्या दिवशी आपली घोंगडी घेऊन नावेवर आले. आदल्या दिवशीच्या बोलण्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

पावसाळा सरला आणि दोन महिने सुखाचे गेले. मग एके दुपारी एका गावाजवळच्या डोहात आम्ही थांबलो होतो. पाण्याला फारशी ओढ नव्हती. एका आजीबाईंची दाढ माझ्या चिमट्यात होती आणि बाकीचे रुग्ण रांगेने बसले होते. वारा फिरला, नाव गोल फिरली, दोर लंगराच्या वरच्या हाताला गुंडाळला गेला आणि त्याने लंगर अलगद उपटून काढला. आम्ही डोहातून धारेत, धारेतून खाली, असे सगळे गाव काठावर ओरडत असताना निघालो. डोमाभाऊंनी बांबू रोवून नाव एका वाळूच्या बेटावर चढवली म्हणून सारे वाचले. औषधांचे एक कपाट मात्र नदीत गेले. आजीबाईंची दाढ त्या धक्क्यातच निघाली आणि त्या मला आजही फार कुशल डॉक्टर समजतात.

हसण्यावारी नेण्यासारखे ते प्रकरण नव्हते. समितीचे चिटणीस चांद्याचे वकील होते. ते जातीने आले, सगळी चौकशी केली आणि स्पष्टच म्हणाले, "डॉक्टर, माणसे बुडाली असती तर? पुन्हा एकदा नाव सुटली तर ती विकायची आणि दवाखाना चांद्यात उघडायचा. पावसाळ्यात मी स्वतः येऊन पाहीन." चांद्यात दवाखाने होते. नदीपलीकडच्या वीसेक गावांना मात्र आमच्या नावेवाचून कोणी नव्हते.

त्यानंतर तीन दिवस मी डोमाभाऊंच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आता म्हणतील, मग म्हणतील, मी सांगितले होते. ते काही म्हणेनात. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "डोमाभाऊ, तुम्ही तर पहिल्याच दिवशी बजावले होते. आता बोलत का नाही?"

"नदीनं सांगतलं न तुमाले," ते म्हणाले. "मंग मी काऊन बोलू?"

त्यांच्या स्वभावातला मोठेपणा मला त्या दिवशी कळला. चूक दाखवून देण्याचा आनंद आमच्या शिकलेल्या मंडळींना फार प्रिय असतो, मलाही आहे. डोमाभाऊंना तो कधी घेताना मी पाहिले नाही. त्यांनी फक्त विचारले, "आता नवा लंगर माह्या हातानं निवडू का?" मी हात जोडले.

कोणता लंगर घ्यायचा हे सांगायला मी अधीर झालो होतो, पण ते म्हणाले, "पहिले तळ पाहू. लंगर मंग पाहू." आमचे थांबे एकूण तेवीस होते. पंधरा दिवस आम्ही एकेका थांब्यावर जात होतो. डोमाभाऊ लांब बांबूच्या टोकाला मोहाच्या बियांचे थिजलेले तेल फासत आणि तो तळाला टेकवून वर काढत. तेलाला वाळू चिकटून आली की बोटांत चोळून पाहत. गाळ आला की हुंगत. काहीच चिकटले नाही, नुसता ओरखडा उठला, तर खाली खडक. मी वहीत लिहून घेई. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण पंधराव्या दिवशी मी वही वाचून दाखवली तेव्हा दोन नोंदी चुकल्याचे त्यांनी सांगितले. मी जाऊन पुन्हा पाहिले तर खरेच चुकल्या होत्या. सतरा थांब्यांवर वाळू होती, चार ठिकाणी गाळ आणि दोन ठिकाणी खडक.

"मोठा लंगर एकच राह्यते," ते मला समजावीत, "ज्याच्या भरोशावर डोळा लावता येते तो. त्यो वाळूचा घ्या. खडकासाठी आपला जुना दगडाचा राहू द्या, लाकडाच्या बेचक्यात बांधलेला." दोन्हीकडे बरा चालेल असा एखादा घेऊ, हा माझा तोडगा त्यांना पटला नाही. सगळीकडे थोडाथोडा धरणारा लंगर नेमका पुरात धरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मग त्यांनी सागाच्या लाकडाचा एक हातभर नमुना तासला. एकच रुंद पाते, फावड्यासारखे, किंचित वळवलेले, आणि त्याला लांब दांडा. ओल्या वाळूत ते तो सुतळीने ओढत बसत. येणारेजाणारे विचारत, "काय गा डोमा, म्हातारपनी खेळनं?" डोमाभाऊ मान हलवत आणि पाते थोडे आणखी तासत. तो नमुना कसाही पडला तरी कूस बदलून टोकावर येई आणि वाळूत शिरे. मनासारखा झाल्यावर आम्ही तो गोंडपिपरीच्या लोहाराकडे नेला आणि तसाच लोखंडी लंगर घडवून घेतला. माझ्या मुंबईच्या लंगराच्या मानाने तो निम्म्या वजनाचाही नव्हता. मला मनातून वाईट वाटले, हे कबूल करतो.

"दोघांईची कुस्ती लावू," डोमाभाऊ म्हणाले.

आमच्याकडे हिवाळ्यात शंकरपट भरतो, बैलजोड्यांची शर्यत. गावच्या पाटलांची जोडी त्या साली पट जिंकलेली होती. तीच जोडी नदीच्या उथळ पाण्यात उभी केली आणि एकेक लंगर ओढायला लावला. तीन गावची माणसे काठावर जमली होती. फुटाणेवालाही आला होता. सर्वांत आधी दगडाचा लंगर वाळूवरून गडगडत आला. मग माझा काळा पहिलवान उतरला. त्याने वाळूत एक सुंदर रेघ काढली आणि तो बैलांच्या मागे जत्रेला निघाल्यासारखा चालत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, करतो काय?

डोमाभाऊंचा लंगर टाकला. बैल निघाले आणि तोही मुकाट्याने घसरत आला. काठावर हशा पिकला. मी डोमाभाऊंकडे पाहिले. पंधरा दिवसांची आणि सबंध समितीची आशा त्या लोखंडावर होती. ते पाण्यात उतरले, दोर हातात घेतला, जोखडापासून लंगरापर्यंत नजरेने मापला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "माहीच चूक आहे बावा. दोर आखूड पडला. बैल त्याले वर उचलून राह्यले. लंगराले झोपू द्या पहिले."

दोर आधीच्या सातपट लांब सोडला. बैल पुन्हा निघाले. चार पावले गेले आणि जागच्या जागी थबकले. पाटलांनी हाकारे घातले, बैलांनी गुडघे टेकले, जोखडाचे जोते, बैलांच्या मानेखालचा पट्टा, तटकन तुटले. वाळूच्या वर लंगराचे नखही दिसत नव्हते. पाटील कपाळाचा घाम पुसत ओरडले, "काऊन गा डोमा, नाव बांधतं का धरती बांधून राह्यला?" तो जल्लोष मी आयुष्यात विसरणार नाही. माझा मुंबईचा लंगर गावकऱ्यांनी त्याच संध्याकाळी वाजतगाजत नेऊन देवळापुढे ठेवला. खरोखर शोभून दिसतो.

डोमाभाऊंच्या घरी मी अनेकदा जेवलो आहे. राधाबाई, त्यांच्या पत्नी, मला वाढताना भाताचा डोंगर करीत आणि डॉक्टरांनी कमी खावे हे पटत नाही म्हणत. अशाच एका जेवणानंतर मी डोमाभाऊंना विचारले की जाळे सोडून या नावेसाठी ते एवढे का झटतात.  ते म्हणाले, "माही बहीन पलीकडं दिली होती. बाळंतपनात अडली. दोन दिवस आमी पानी उतरासाठी काठावर बसून राह्यलो. ही नाव बंद नाई झाली पायजे, डाक्टरसायब."  

पावसाळा लागला आणि ठरल्याप्रमाणे वकीलसाहेब छत्री घेऊन तपासणीला आले. त्याच सकाळी पलीकडून निरोप आला की एक बाई अडली आहे. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. वकीलसाहेब म्हणाले, "जायला हवे का?" डोमाभाऊ तोवर नावेत चढले होते. बाळंतपण अवघड दिसले, म्हणून मोठ्या दवाखान्यात पोचवायला आम्ही बाईला आणि तिच्या आईला घेऊन परत निघालो, वकीलसाहेबही नावेतच होते. मध्यधारेत वाहून आलेले एक झाड आदळले आणि सुकाणूचे वल्हे मोडले. नाव आडवी होऊन खालच्या खडकांकडे चालली.

"टाका लंगर!" डोमाभाऊ म्हणाले. मी टाकला आणि घाबरून लगेच दोर आवळू लागलो. "ताणू नका. सोडा. अजून सोडा." खडकांवर फुटणारे पाणी ऐकू येत होते आणि हे गृहस्थ मला दोर सोडायला सांगत होते. मी सोडला. अंबाडीचा तो सबंध दोर गेला, शेवटची गाठ खुंटीला येऊन बसली. एक क्षण काहीच झाले नाही. मग नावेचे नाक हळूच धारेकडे वळले आणि नाव थांबली. चहूकडून नदी धावत होती आणि आम्ही तिच्या मधोमध उभे होतो.

मुलगी तिथेच झाली, भरदुपारी. पावसाने छप्पर गळत होते, म्हणून चांद्याचे नामांकित वकील पाठ फिरवून, डोळे मिटून, छत्री मागच्या मागे बाळंतिणीवर धरून उभे होते आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरून पाणी गळत होते. बाळ रडले तसे तेही रडले. बाळंतिणीच्या आईने पोर आधी डोमाभाऊंच्या हातात दिली.  ते पोरीला म्हणाले, "थांब माय, आता तुले काठावर नेतो." थोड्या वेळाने गावचे डोंगे, म्हणजे लहान होड्या, दोर घेऊन आले आणि आम्हाला ओढून नेले.

वकीलसाहेबांनी समितीला पाठवलेला अहवाल एका ओळीचा होता: "नाव चालू राहील." ती आजही चालू आहे. पलीकडच्या त्या वीसेक गावांत आता अडलेल्या बाईसाठी कोणी पाणी उतरण्याची वाट पाहत बसत नाही.

गेल्या वर्षापासून गुडघ्यांमुळे डोमाभाऊ नावेवर येत नाहीत. औषध दिले तर ते घेत नाहीत आणि न घेतल्याचे कबूलही करत नाहीत. एवढी एक तक्रार या शुभप्रसंगी नोंदवून ठेवतो. बाकी मला त्यांच्याबद्दल प्रेमाखेरीज काही वाटत नाही. डोमाभाऊ, तुम्ही शंभरी गाठा, गुडघे दुखेनासे होवोत, राधाबाईंचा हात असाच सढळ राहो. तुमची नाडी पाहायला मी दर आठवड्याला येईन, आणि कितीही पूर असला तरी नावेनेच येईन.