ट्रेसिंगवाले सर

आमचे ट्रेसिंगवाले सर संगणकाचे प्रोग्रॅम ट्रेसिंग पेपर लावून तपासत. हे बाहेर कुणाला सांगितलं तर लोकांना मी थट्टा करते आहे असं वाटतं. वाघोलीच्या पुढे आमचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं आणि शेवटच्या वर्षाची लॅब सरांच्या ताब्यात होती. आपल्या प्रोग्रॅमने काढलेला आलेख जर्नलमध्ये उतरवून त्यांच्यासमोर ठेवायचा. ते ड्रॉवरमधून पिवळा पडलेला ट्रेसिंग पेपर काढून त्यावर पसरत आणि मान तिरकी करून बघत. आपली रेघ त्यांच्या रेघेखाली लपली की बरोबर, कुठे बाहेर डोकावली की चूक. प्रोग्रॅम त्यांनी कधी वाचला नाही. वाचला असता तरी त्यांना तो कळला नसता, अशी आमची खात्री होती.

लॅबमध्ये चपला-बूट बाहेर काढून जायचं असे. सर दारातच खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येकाचे मोजे बघत. एखाद्याचा अंगठा भोकातून बाहेर आलेला त्यांना वीस फुटांवरून दिसायचा. "मोजे आहेत की जाळी?" एवढंच म्हणत. इतकी तीक्ष्ण नजर देवाने या माणसाला कशासाठी दिली असेल, याचं मला चार महिने कोडं होतं.

आलेख छापून आणलेला चालत नसे. छापलेलं काय, कोणीही आणतं, असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर बघून आलेखाच्या कागदावर हाताने काढायचा. म्हणजे संगणकाने क्षणात केलेलं काम आम्ही दोन तास खपून पुन्हा पेन्सिलीने करायचो. कुणी काही विचारायला गेलं तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "ज्ञान घरी दाखवा, इथे आउटपुट दाखवा." हे वाक्य ते अशा थाटात म्हणत की जणू गुरुमंत्रच देत आहेत.

त्यांच्या बारा असाइनमेंट वर्षानुवर्षं त्याच होत्या. सगळ्या तारीखवार नोंदींच्या: रोजचं तापमान, तासातासाला लागणारी वीज, असलं काही. सातवी पावसाची. एका धरणावरच्या रोजच्या पावसाची वर्षाची यादी दिलेली असे. प्रोग्रॅमने ती वाचायची, महिन्यामहिन्याच्या बेरजा करायच्या आणि आलेख काढायचा. आदल्या वर्षीच्या मुलांकडून प्रोग्रॅम मिळायचाच, त्यामुळे आमच्या वर्गात डोकं कुणी फारसं वापरत नसे.

मी तो स्वतः लिहायला बसले, हा माझा आगाऊपणा. आलेख आला तर जानेवारीत पाऊस, फेब्रुवारीत पाऊस, डिसेंबरातही पाऊस. कारण शोधायला मला अर्धा दिवस लागला आणि निघालं ते अगदी साधं. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. प्रोग्रॅम आधी महिना वाचत होता. एक जुलैचा पाऊस त्याने सात जानेवारीला पाडला होता, दोन ऑगस्टचा आठ फेब्रुवारीला. तेरावा महिना नसल्यामुळे तेरा तारखेपासून पुढे मात्र तो मुकाट्याने आपल्या पद्धतीने वाचत होता. म्हणून आलेख वरवर पावसाळ्यासारखाच दिसायचा. मी तारखा सरळ केल्या आणि जानेवारी कोरडा झाला. इतकी वर्षं पुण्यातली शहाणी मुलं जानेवारीत पाऊस पाडत आली आणि एकालाही ओलं लागलं नाही, याची मला शिसारी आली.

सरांनी माझ्या आलेखावर ट्रेसिंग ठेवलं. अर्थातच जुळलं नाही. त्यांनी लाल पेनने फुली मारली. मी तारखांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"झालं, विदुषी?" ते म्हणाले. "मला माहीत आहे ते. पूर्वी एकाने सांगितलं होतं. मी घरी जाऊन करून बघितलं. त्याचं बरोबर होतं."

"मग सर, बदललं का नाही?"

"बदललं की आजवर सही केलेली प्रत्येक जर्नल चुकीची ठरते. परीक्षेला बाहेरून येतात त्यांच्याकडेही हाच आलेख आहे. त्यांना कोण सांगणार, तुम्ही?"

ते मूर्ख आहेत म्हणून मी इतके दिवस त्यांना मनातल्या मनात क्षमा करत होते. ती क्षमा त्या क्षणी संपली. त्यांना कळत होतं, आणि कळूनही ते रोज ट्रेसिंग पसरून बसत होते.

पण जर्नलवर त्यांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं. मला नोकरी लागली होती ती एकही विषय न राहता पास होण्याच्या अटीवर. विश्रांतवाडीला घरी आईचे पेढे वाटून झाले होते. मी तिथेच बाकावर बसून नवा कागद घेतला आणि चुकीचा आलेख काढला. माझा हात चांगला आहे. रेघ अशी उतरली की सरांचं ट्रेसिंग बसवल्यावर दिसेनाशी झाली. "हं, आता कसं," म्हणत त्यांनी हिरव्या शाईने सही केली. बाहेर येऊन बूट घालताना मी त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या.

पाच-सहा वर्षांनी मार्कशीटच्या प्रती घ्यायला कॉलेजात गेले. ऑफिसात तासभर थांबा म्हणाले, म्हणून लॅबकडे वळले. सर दारातच होते, केस सगळे पांढरे. माझे मोजे बघून झाल्यावर त्यांनी मला ओळखलं. ड्रॉवर उघडून पावसाचं ट्रेसिंग काढलं. ते नवं होतं.

"जुनं फाटलं," ते म्हणाले. "कपाटात जमा असलेल्या एवढ्या जर्नल चाळल्या, पण तुमच्याइतकी सुबक रेघ कुणाची नव्हती. तुमच्यावरूनच काढून घेतलं. तीन वर्षं यावरच तपासतो आहे."

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. एवढ्या मुलांमधून त्यांनी माझी रेघ निवडली होती. लाज वाटायला थोडा वेळ लागला, आणि तोवर त्यांनी पेन पुढे केलं होतं. सुरुवातीला रेघ जरा पुसट झाली आहे, गडद करून द्याल का, म्हणाले. हात कापतो हल्ली, म्हणाले.

त्या दिवशी मला त्यांची सही नको होती. नोकरी होती, बढती झाली होती, त्यांचं माझ्यावाचून अडलं होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी पर्स टेबलावर ठेवली, पेन घेतलं आणि जानेवारीतला पाऊस नीट गडद करून दिला.