आबांचा अडकलेला अर्ज

पाकिटातला मजकूर मी कमी केला आणि पाकिटावर लिहिलेली त्याची लांबी तशीच ठेवली. चूक एवढीच. पण ती केल्यावर खुशीत येऊन मी सगळ्या ऑफिसला समोसे खाऊ घातले, हे जास्त वाईट.

शहरात घोंगड्यांचं आणि हातमागाचं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या गाळ्यांचे अर्ज वेबसाइटवरून घ्यायचे होते, आणि वेबसाइट आमच्या सिडकोतल्या ऑफिसकडं होती. तिच्यातला प्रोग्राम जुनाट. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, त्यामुळं त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. या प्रोग्रामला फक्त इंग्रजी आकडे कळायचे. खेड्यातल्या माणसानं मोबाइल नंबर मराठी आकड्यांत टाकला की हा ‘नंबर चुकीचा आहे’ म्हणून अर्ज परत करायचा.

मी म्हटलं, त्याला छेडायचंच नाही. वेब सर्व्हरच्या पोटात एक छोटं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा जोडतुकडा, बसवू. अर्ज आला की ते मजकूर उघडेल, मराठी आकड्यांचे इंग्रजी करील आणि पुढं सोडेल. प्रोग्रामला पत्ताही लागणार नाही. दोन आठवडे सी++ या प्रोग्रामिंगच्या भाषेशी कुस्ती करून मी ते लिहिलं. पडद्यावर ९ चा 9 झालेला डोळ्यांनी पाहिला आणि तिथंच थांबलो. अर्ज पलीकडं पोचतो का, हे बघायच्या आत मी समोशांच्या गाडीपाशी होतो.

संध्याकाळी पुंडलिकनगरला घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं, “आता आबांनीसुद्धा खुशाल अर्ज भरावा.”

आबा म्हणजे माझे सासरे. फर्दापूरकडं मेंढरांमागं त्यांचा जन्म गेला. आता मेंढरं थोडी, शेत त्याहून थोडं, आणि घरात घोंगड्यांचा माग. जवळची लेणी बघायला येणारे पर्यटक घोंगडी अंगावर घेतात, फोटो काढतात आणि घडी विस्कटून परत देतात. म्हणून आबांना शहरातला गाळा हवा होता. लई हवा होता.

“मी भरतो ना तुमचा अर्ज,” मी फोनवर म्हणालो.

“नाय नाय, जावईबापू! तुम्ही बोट लावायचं नाय. गाव म्हणंल, जावयाच्या वशिल्यानं गाळा घेतला. मी माझ्या हातानं भरणार.”

गाळे आधी येईल त्याला मिळणार होते. अर्ज सुरू झाले त्या सकाळी आमची साइट अशी चालायला लागली, की बैलगाडी बरी. शेजारच्या टेबलावरची टेस्टर मुलगी म्हणाली, “सर, ये देखो. सुबह से एकच आदमी ठोके जा रहा है. अर्ज अटका, फिर दबाया. फिर अटका, फिर दबाया.”

“कोण येडा आहे हा?” मी खुर्चीत रेलून मोठ्यानं विचारलं. “एकदा दाबून गप बसायचं तर!”

तिनं नंबर वाचून दाखवला. शेवटचे चार आकडे ऐकून मी सरळ बसलो. तेवढ्यात बायकोचा फोन.

“अहो, आबा सकाळपासून बटण दाबतायत. नुसतं चाक फिरतंय म्हणे. त्यांना वाटतंय, त्यांचीच बोटं जाड आहेत.”

“मग मला फोन का नाही केला?”

“तुम्हाला केला की वशिला होतो ना!”

मग मात्र मी माझं मॉड्यूल नीट वाचलं. मराठी आकड्याला तीन खणांची जागा लागते, इंग्रजी आकडा एका खणात मावतो. आकडे बदलले की मजकूर आखूड होतो. अर्ज येतो तो जणू पाकिटात घालून, आणि आत किती मजकूर आहे ती लांबी पाकिटावर लिहिलेली असते; ती मात्र जुनीच. प्रोग्राम बिचारा शहाणा; तो लांबी वाचायचा आणि उरलेला मजकूर येईल म्हणून वाट बघत बसायचा. तो कुठून येणार? मीच कापलेला! आबा पुन्हा दाबत होते आणि आत आणखी एक अर्ज वाट बघत बसत होता. मराठी आकडेवाले सगळेच असे खोळंबलेले. इंग्रजी आकडेवाले सरळ आत जाऊन पुढचे गाळे पटकावत होते. म्हणजे ज्यांच्यासाठी दार केलं, त्यांचीच बोटं मी दारात चेमटवली होती.

दुरुस्ती एका ओळीची होती: नवी लांबी मोजून पाकिटावर लिहायची. ती केली, आणि या वेळी अर्ज पलीकडं पोचलेला पाहूनच खुर्ची सोडली. मग आयोजकांना फोन लावून चूक सांगितली. त्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण माणसं भली. मंडपाच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी, त्यांनी गाळ्यांची आणखी एक ओळ वाढवली आणि सकाळी अडकलेल्या सगळ्यांना तिथं जागा दिली. आबांनाही.

संध्याकाळी आबांचा फोन आला. बायको मेथी निवडत होती, तिनं स्पीकर लावला. मी घसा साफ करून चूक कबूल करायच्या तयारीत.

“जावईबापू, मानलं तुम्हाला!”

“आबा, अहो, ते सकाळी माझ्या हातून...”

“समजलं मला सगळं. लोकांचे अर्ज आधी घेतले आन् सासऱ्याचा मागं ठेवला. गाळाबी मागल्या ओळीत. पंगतीत घरच्यांना शेवटी वाढत्यात, तसं! आता कोण म्हणंल वशिला? साऱ्या गावाला सांगून आलो, जावई असावा तर असा.”

“आबा, तसं नाही, माझ्या मॉड्यूलमध्ये...”

“ऱ्हाऊ द्या! मोठेपणा लपवायची तुमची सवय हाय, ठावं हाय मला.” आणि फोन बंद.

मी पुन्हा नंबर लावायला मोबाइल उचलला. म्हटलं, खरं काय ते एकदा सांगून टाकावं.

बायकोनं मेथीच्या हातानंच तो माझ्याकडून काढून घेतला. म्हणाली, “बसा गुमान. आमच्या माहेरी तुमच्याबद्दल पहिल्यांदा चांगला गैरसमज झालाय. तेवढा तरी दुरुस्त करू नका.”